ख्रिस्तवासी रे. नारायण वामन टिळक यांचा संसार

तळेगाव (श्यामजी पंत) यासारख्या गावी पती ख्रिस्ताकडे आला आणि पत्नी आली नाही, तर त्यांच्या विवाहाचे काय, असा प्रश्न उपदेशकास विचारला जातो. त्याचे उत्तर रे. टिळकांच्या चरित्रात आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. १८८० साली हिंदु विधीने त्यांचा विवाह झाला. वधू लक्ष्मीबाई तेव्हा लहान होत्या. पुढे टिळक आपल्याच प्रांतात नागपुरास राहिले. तेथून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. त्याच्या वाचनाने त्यांचे मन पालटले, व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या वार्तेने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. आप्तांनी त्यांस व लहान दत्तूस आश्रय दिला. पती जिवंत असूनही त्यांच्या वाट्यास विरह आला.

त्या काळी सरकारचा १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने वा अधिक काळ त्याग केला, तर ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास न्यायालयात दाद मागता येई. न्यायाधीश दुसऱ्या पक्षास विचारी; नकार मिळाल्यास एक वर्ष थांबे, पुन्हा विचारी, आणि मगच विवाह मोडी. म्हणजे केवळ बाप्तिस्म्याने विवाह मोडत नाही, हे सरकारही मानीत होते.

टिळकांनी त्या वाटेने जाऊन दुसरा संसार मांडला नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात शिकविले आहे की, विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल, तर पतीने तिला सोडू नये. टिळकांनी पत्नीची वाट पाहिली. त्या अहमदनगरास आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे व वेगळी चूल यांवर त्यांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद हळूहळू आपणहून गळाला, आणि १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. १९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली; १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

आता हे ध्यानात घ्यावे. विवाहाची नोंद करणे, साक्षीदार पाहणे, वय तपासणे व स्त्री आणि लेकरांचा हक्क राखणे हे सरकारचे काम होय. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्यास अधिकार असावा लागतो, आणि पहिला जोडीदार हयात व विवाह कायम असता त्या कायद्याने दुसरा विवाह लावता येत नाही. आज वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण असलेच पाहिजे. यात पाळकाने कोणाची भीड धरू नये.

परंतु सरकारी नोंदवही दोन मने जोडू शकत नाही. शिकविणे, प्रार्थना करणे, आशीर्वाद देणे व दुभंगलेल्या घराजवळ धीराने उभे राहणे हे मंडळीचे काम होय. म्हणून नवख्रिस्ती बंधूची पत्नी माहेरी बसली, तर उपदेशकाने त्यास दुसऱ्या स्थळाचा सल्ला देऊ नये. त्याने तिला खर्चास पाठवावे, लेकरांची चौकशी करावी व वाट पाहावी, असे सांगावे. टिळकांच्या घरी पाच वर्षांच्या धीराने जे घडले, ते कोणत्याही हुकुमाने घडले नसते.