दोन घोडे आणि एक प्यादं: मोबाईलच्या आधी हे कोडं सोडवणारे त्रोइत्स्की

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत तुम्ही मोबाईलवर बुद्धिबळ खेळताय, असं समजा. तुमच्याकडे राजा आणि दोन घोडे उरलेत, समोर नुसता राजा. जिंकलात? नाही! दोन घोड्यांनी मात झालेली स्थिती पटावर मांडता येते, पण समोरच्याने चूक केल्याशिवाय ती घडवता येत नाही. कोपऱ्यात कोंडलेल्या राजाला ऐन वेळी चालच उरत नाही आणि शहही नसतो. म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत.

आता गंमत बघा. समोरच्याकडे एक प्यादं जास्त असेल, तर बरेचदा तुम्ही जिंकू शकता. कारण राजा कोंडला तरी त्याला प्याद्याची चाल खेळावीच लागते, स्टेलमेटची पळवाट बंद!

हे कोडं मुळापासून सोडवलं अलेक्सेई त्रोइत्स्की यांनी. १८६६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्म, शिक्षण वनविद्येचं आणि नोकरी स्मोलेन्स्क भागातल्या जंगलात. स्पर्धा गाजवणारे खेळाडू ते नव्हते. त्यांना नाद होता एंडगेमची कोडी रचण्याचा. १८९५ पासून ती छापून येऊ लागली आणि आयुष्यभरात त्यांनी हजाराच्या आसपास कोडी रचली. पण दोन घोड्यांचा हा प्रश्न म्हणजे नुसतं कोडं नव्हतं, तो अख्खा प्रदेशच होता आणि त्यांनी तो घरोघर तपासला.

त्यांची रीत अशी. एका घोड्याने प्यादं अडवून ठेवायचं. राजा आणि दुसऱ्या घोड्याने विरोधी राजाला कोपऱ्याकडे रेटायचं. मग अडवणारा घोडा सोडायचा. प्यादं वजीर व्हायला धावतं, आणि तेवढ्यात आपल्या घोड्याची अडीच घरं मातीपर्यंत पोचली पाहिजेत. एक चाल उशीर झाला की संपलं.

प्यादं नेमकं कुठे अडवायचं? तुमचे घोडे पांढरे असतील, तर काळं प्यादं ए४, बी६, सी५, डी४, ई४, एफ५, जी६, एच४ या रेषेवर किंवा तिच्या आधीच पक्कं अडलेलं हवं. मग विरोधी राजा कुठेही असो, मात होतेच. हीच ‘त्रोइत्स्की रेषा’. (आपल्या जुन्या देशी खेळात समोरचा राजा एकटा उरला की ‘बुर्ज’ व्हायचा, पुरा विजय मिळायचा नाही. म्हणजे शेवटचं प्यादं मारू नये हे आजोबांच्या पिढीलाही ठाऊक होतं, कारण तेवढं वेगळं!)

१९३७ मध्ये त्यांचा संग्रह इंग्रजीत निघाला, त्यात दोन घोड्यांचा हा अभ्यासही होता. बरं झालं निघाला. १९४१ मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे त्यांच्याच जन्मगावाला, जर्मन सैन्याचा वेढा पडला. १९४२ मध्ये त्रोइत्स्की तिथे उपासमारीने गेले. त्यांची टिपणंही त्या वेढ्यात नष्ट झाली. त्यांत आणखी काय होतं, ते आता कोणताही सर्व्हर सांगू शकत नाही.

पुढे टेबलबेस आले. यात कॉम्प्युटर मातीच्या स्थितींपासून उलट मागे येत प्रत्येक स्थितीचा निकाल काढतो. त्यावर तपासलं तर जंगल खात्यातल्या या माणसाचं विश्लेषण थक्क करण्याइतकं अचूक निघालं. काही विजयांना मात्र शंभरहून जास्त चाली लागतात आणि स्पर्धेत ५० चालींचा नियम आडवा येतो. माजी विश्वविजेते कार्पोवसुद्धा २००० साली मोनाकोत फसले: प्यादं रेषेपलीकडे गेलेलं, डाव बरोबरीचा, पण राजा चुकीच्या कोपऱ्याकडे नेला आणि टोपालोवकडून हरले.

लीचेस अ‍ॅपमध्ये हे फुकट बघता येतं. अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडा, दोन राजे, दोन घोडे, एक प्यादं मांडा आणि पुस्तकाचं चिन्ह दाबा. कुठली चाल जिंकते आणि कुठली डाव बरोबरीत सोडते, ते लगेच दिसेल. मग प्यादं एच४ वरून एच३ वर ठेवून, समोरचा राजा वेगवेगळ्या कोपऱ्यांत हलवून बघा.