बाबासाहेब आंबेडकर यांचे निवडणुकांतील पराभव

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होत. प्रौढ मताधिकार देणाऱ्या घटनेच्या या शिल्पकाराला त्या मताधिकाराच्या बळावर लोकसभेत मात्र एकदाही प्रवेश मिळाला नाही. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात ते पराभूत झाले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता. आजचा गोंदिया जिल्हा, फुलचूरसारख्या गोंदियालगतच्या गावांसह, १ मे १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता.

पूर्वायुष्य

कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन परतल्यावर आंबेडकरांनी बडोदा संस्थानात नोकरी पत्करली. परंतु अस्पृश्यतेच्या जाचामुळे ती त्यांना लवकरच सोडावी लागली. मुंबईस आल्यावर त्यांनी समभाग व गुंतवणुकीविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बुडाली. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाल्यानंतर व्यापाराकडे ते पुन्हा वळले नाहीत.

राजकारणातील आरंभ यशाचा होता. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत लढवलेल्या १७ पैकी १४ जागा जिंकल्या. स्वतः आंबेडकरांनी काँग्रेसचे उमेदवार, ख्यातनाम क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या निवडणुकीत या पक्षाचा धुव्वा उडाला. पुणे करारातील पद्धतीनुसार प्राथमिक फेरीत केवळ अस्पृश्य मतदार मत देत, अंतिम फेरीत मात्र सर्वच मतदार. फेडरेशनचे उमेदवार मुख्यतः दुसऱ्या फेरीत अडले. संयुक्त मतदारसंघावरील आंबेडकरांचा जुना आक्षेप नेमका हाच होता. संविधान सभेत ते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून निवडून आले. फाळणीमुळे ते सदस्यत्व गेले, तेव्हा काँग्रेसच्या पाठिंब्याने मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली.

उत्तर मुंबई, १९५२

हिंदू संहिता विधेयक रखडल्याने आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि काही महिन्यांतच ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. समाजवादी पक्षाशी फेडरेशनची युती होती व सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. मेहताही हरले.

या निकालात बाद मतांचा वाटा मोठा होता. प्रत्येक मतदारास दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. अशा रीतीने ७० हजारांहून अधिक मते वाया गेली. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या प्रचाराने हे मुद्दाम घडवले, असा आरोप करीत आंबेडकर व मेहता यांनी संयुक्त निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. त्याच वर्षी आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

भंडारा, १९५४

भंडाऱ्याची पोटनिवडणूक एका न्यायालयीन निर्णयातून उद्भवली. १९५२ मध्ये येथून गोंदियाचे चतुर्भुज जसाणी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले होते. जसाणी हे विडी उत्पादन करणाऱ्या मूलजी सिक्का आणि कंपनीचे भागीदार होते आणि या कंपनीचा लष्करी कँटीनना विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारी करारात हितसंबंध असलेली व्यक्ती निवडणुकीस अपात्र ठरते, या कलमान्वये जसाणी अपात्र ठरले. धान आणि तेंदूपत्ता यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यात संसदेची जागा विडीच्या करारापायी रिकामी व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

दुसरा मुद्दा अधिक दूरगामी होता. राखीव जागेचे इच्छुक गंगाराम ठवरे यांचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेल्याने महार राहिले नाहीत, असे म्हणून फेटाळण्यात आला होता. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. पंथ बदलला तरी जात सुटली का, हे ठरवताना जुन्या जातीची प्रतिक्रिया, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम पाहिले पाहिजेत, असे न्या. व्हिव्हियन बोस यांच्या निकालपत्रात मांडले गेले. या कसोटीवर ठवरे महारच ठरले.

मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत आंबेडकर राखीव जागेवर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. मधुमेह व सांधेदुखीने त्यांची प्रकृती ढासळली होती, तरीही त्यांनी सभा घेतल्या आणि नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली. दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता आणि आंबेडकरांनी तो मानला नाही, अशी आठवण विदर्भातील चळवळीत आजही सांगितली जाते. मुंबईत ज्या प्रकाराविरुद्ध त्यांनी दाद मागितली होती, तोच येथे त्यांच्या उपयोगी पडला असता. निकालात मेहता विजयी झाले, आंबेडकर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले.

नंतरचा काळ

यानंतर आंबेडकरांनी लोकसभेची निवडणूक लढवली नाही. मृत्यूपर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. ठवरे प्रकरणात महानुभावांना मिळालेला न्याय या नवबौद्धांच्या वाट्यास आला नाही : १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवर निवडून आलेल्या एका बौद्ध उमेदवाराची निवड सर्वोच्च न्यायालयाने पुढे अवैध ठरवली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले.