आफ्रिकी फुटबॉलचे शिल्पकार

आफ्रिका खंडातील क्लब फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांना दरवर्षी प्राथमिक फेऱ्यांनी सुरुवात होते. चॅम्पियन्स लीग असो वा कॉन्फेडरेशन चषक, गटसाखळीतील १६ जागांपर्यंत पोहोचण्याआधी संघांना एक सामना स्वतःच्या मैदानावर आणि दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळून बाद फेरीची परीक्षा द्यावी लागते. कैरोतील बलाढ्य क्लब आणि एखाद्या छोट्या बेटावरचा नवखा क्लब या फेऱ्यांत समोरासमोर येऊ शकतात. आज हे सारे स्वाभाविक वाटते. परंतु स्पर्धेत उतरण्याची पात्रता मैदानावर ठरावी, वर्णावर, साम्राज्याच्या नकाशावर वा युरोपातील कचेऱ्यांच्या मर्जीवर ठरू नये, हे तत्त्व रुजवण्यासाठी एका पिढीला झगडावे लागले. त्या पिढीचे अग्रणी होते इथिओपियाचे यिदनेकाचेव तेसेमा.

यिदनेकाचेव यांचा जन्म ११ सप्टेंबर १९२१ रोजी नैऋत्य इथिओपियातील जिम्मा येथे झाला. इथिओपियाच्या पंचांगानुसार तो नववर्षाचा दिवस. तेसेमा हे त्यांचे आडनाव नव्हे, तर वडिलांचे नाव. आपल्याकडे व्यक्तीच्या नावामागे वडिलांचे नाव येते, तशीच इथिओपियाचीही रीत आहे; फरक इतकाच की तिथे आडनाव मुळी नसतेच. वडील तेसेमा एशेते हे नामवंत कवी आणि गायक होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि इथिओपियाचे आद्य ध्वनिमुद्रित गायक म्हणून त्यांची इतिहासात नोंद झाली. मुलाने मात्र मैदानाची वाट धरली.

त्यांचे तारुण्य देशाच्या सर्वांत कठीण काळात गेले. १९३५ च्या अखेरीस अदिस अबाबात सेंट जॉर्ज हा क्लब स्थापन झाला आणि काही महिन्यांतच, १९३६ मध्ये, मुसोलिनीच्या फौजा राजधानीत शिरल्या. पाच वर्षांच्या इटालियन अमलात वंशभेदाचे कायदे आले. वस्त्या वेगळ्या झाल्या, तसे खेळही वेगळे झाले. इथिओपियन खेळाडूंनी आपसांत खेळावे, युरोपीयांच्या संघांशी बरोबरीने मैदानात उतरू नये, अशी व्यवस्था होती. सेंट जॉर्जकडून खेळणाऱ्या या तरुण आक्रमक खेळाडूला खेळातील भेदभावाची ओळख स्वतःच्याच शहरात झाली. पुढील चाळीस वर्षे या प्रश्नावर त्यांनी कधी तडजोड केली नाही, त्याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

१९४१ मध्ये देश मुक्त झाला आणि १९४३ मध्ये इथिओपियाचा फुटबॉल महासंघ उभा राहिला. त्याच्या उभारणीत यिदनेकाचेव यांचा मोठा वाटा होता. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही ओलांडली नव्हती. १९४४ मध्ये पहिली स्पर्धा झाली, तिच्यात अदिस अबाबाचे बहुरंगी जीवन उमटले होते. इथिओपियनांचा सेंट जॉर्ज, इटालियनांचा फोर्तितुदो, आर्मेनियनांचा अरारात, ग्रीकांचा ऑलिम्पियाकोस आणि ब्रिटिश लष्करी पथकाचा संघ असे पाच समाज एकाच स्पर्धेत उतरले. पहिले विजेतेपद ब्रिटिश पथकाने मिळवले. कालपर्यंत ज्यांच्याशी खेळण्यास मज्जाव होता, त्यांच्याशी आता एकाच नियमाखाली सामने होऊ लागले, हा बदल विजेतेपदापेक्षा मोठा होता. यिदनेकाचेव स्वतः सेंट जॉर्जकडून आणि राष्ट्रीय संघाकडूनही खेळले. खेळाडू, प्रशिक्षक आणि संघटक या तिन्ही भूमिका त्यांनी काही काळ एकत्रच निभावल्या.

फेब्रुवारी १९५७ मध्ये सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, आफ्रिकी फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे चार संस्थापक. इथिओपियाच्या बाजूने यिदनेकाचेव यांनी या कामात भाग घेतला. त्याच महिन्यात पहिली आफ्रिकी राष्ट्र चषक स्पर्धा खेळवली जायची होती आणि पहिला पेचप्रसंगही तेव्हाच उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेची तयारी होती ती केवळ गोऱ्यांचा किंवा केवळ काळ्यांचा संघ पाठवण्याची. मिश्र संघ पाठवणे तिला मान्य नव्हते. उरलेल्या तिघांनी हा पर्याय नाकारला आणि दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली. तिचा उपान्त्य सामना इथिओपियाशी होता. इथिओपियाला पुढे चाल मिळाली. अंतिम सामन्यात इजिप्तने ४-० असा विजय मिळवला आणि चारही गोल अद-दीबा या एकाच खेळाडूने केले.

चारच सदस्य असलेल्या नवजात संघटनेने आपल्यातील एकाला बाहेर ठेवणे, हा धोका लहान नव्हता. जागतिक फुटबॉलमधील बड्या धेंडांची सहानुभूती दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या संघटनेकडे होती. फिफाने १९६१ मध्ये तिला निलंबित केले खरे. पण १९६३ मध्ये, अध्यक्ष सर स्टॅन्ले राउस यांच्या दौऱ्यानंतर, ते निलंबन उठवण्यात आले. आफ्रिकी व आशियाई सदस्यांची संख्या वाढल्यावर १९६४ च्या टोकियो अधिवेशनात ते पुन्हा लादले गेले. अखेर १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेची फिफातून हकालपट्टी झाली. या प्रदीर्घ लढ्यात यिदनेकाचेव सातत्याने आघाडीवर होते.

दरम्यान १९६२ मध्ये तिसरी राष्ट्र चषक स्पर्धा अदिस अबाबात भरली. सहभागी होऊ इच्छिणारे देश वाढल्याने प्रथमच पात्रता सामने घ्यावे लागले. यजमान आणि गतविजेत्यांना मात्र थेट प्रवेश होता. इथिओपियाच्या संघाची सूत्रे यिदनेकाचेव यांच्याकडे होती. ट्युनिशियाला हरवून संघ अंतिम फेरीत पोहोचला. तिथे इजिप्तविरुद्ध, जो तेव्हा संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने खेळत असे, इथिओपिया दोनदा पिछाडीवर पडला. दोन्ही वेळा त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ४-२ असा विजय खेचून आणला. सम्राट हैले सेलासी यांच्या उपस्थितीत कर्णधार लुचियानो वासालो यांनी चषक स्वीकारला. आफ्रिकी राष्ट्र चषकाचे इथिओपियाचे ते आजवरचे एकमेव विजेतेपद आहे.

राष्ट्रीय संघांची स्पर्धा मार्गी लागली, तरी क्लबांचा प्रश्न बाकी होता. वसाहतींच्या काळात दळणवळणाचे सारे मार्ग लंडन, पॅरिस वा ब्रुसेल्सकडे जात. शेजारच्या देशातील क्लब कसा खेळतो, हे क्वचितच कुणाला ठाऊक असे. आपापल्या देशाचे विजेतेपद मिळवणारे क्लब एकमेकांशी भिडावेत, या हेतूने महासंघाने विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू केली. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी तिच्यासाठी चषक दिला. आफ्रिकी ऐक्याचे स्वप्न पाहणाऱ्या या नेत्याला फुटबॉलचे राजकीय मोल पुरते उमगले होते.

विभागवार बाद सामन्यांतून चार संघ निवडायचे आणि त्यांनी एकाच शहरात अंतिम टप्पा खेळायचा, असे पहिल्या स्पर्धेचे स्वरूप होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे कॅमेरूनचा ओरिक्स दुआला, मालीचा स्टाद मालियें, घानाचा रिअल रिपब्लिकन्स आणि इथिओपियाच्या दिरे दावा शहरातील कापड गिरणीचा कॉटन क्लब हे चौघे जमले. रिअल रिपब्लिकन्स हा खुद्द एन्क्रुमांच्या आशीर्वादाने, देशातील निवडक खेळाडू गोळा करून बांधलेला संघ. तरीही घरच्या मैदानावर तो अंतिम फेरी गाठू शकला नाही. ओरिक्सने स्टाद मालियेंला २-१ असे हरवून पहिला चषक जिंकला.

१९६६ पासून अंतिम सामन्यासह सर्व फेऱ्या घरी आणि बाहेर अशा दोन सामन्यांच्या झाल्या. हा निर्णय कागदावर साधा, पण व्यवहारात अवघड होता. एका सामन्यासाठी हजारो मैलांचा प्रवास, विमानांची अपुरी सोय, परकीय चलनाची टंचाई आणि सीमेवरची भांडणे यांतून क्लबांना वाट काढावी लागे. कित्येक क्लब खर्च न झेपल्याने माघार घेत आणि प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळे. १९६७ च्या अंतिम फेरीचाच निकाल असा लागला. घानाचा असांते कोटोको आणि काँगोचा एंगलबर्ट यांचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले. तिसरा निर्णायक सामना ठरला. कोटोकोचा संघ तिथे पोहोचलाच नाही आणि एंगलबर्टला विजयी घोषित करण्यात आले. तीन वर्षांनी, १९७० मध्ये, कोटोकोने याच प्रतिस्पर्ध्याला नमवून चषक मिळवला.

एवढ्या अडचणींतूनही स्पर्धा टिकली. १९६९ चा विजेता इस्माइली हा सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया शहराचा संघ. १९६७ च्या युद्धानंतर हे शहर ऐन युद्धरेषेवर आले होते आणि संघाला निर्णायक सामना कैरोत खेळावा लागला. १९६५ ते १९७४ या काळातील दहा स्पर्धांत सात देशांच्या क्लबांनी विजेतेपद मिळवले. गिनीच्या हाफिया क्लबने १९७२, १९७५ आणि १९७७ असे तीनदा विजेतेपद मिळवून एन्क्रुमा चषक कायमचा आपल्याकडे नेला. बाद फेऱ्यांच्या या रचनेमुळे एखाद्या श्रीमंत शहराची मक्तेदारी निर्माण झाली नाही.

क्लबांची ही स्पर्धा आकार घेत असतानाच जागतिक पातळीवर पात्रतेचा मोठा संघर्ष पेटला होता. १९६६ च्या विश्वचषकातील १६ जागांपैकी अवघी एक जागा फिफाने आफ्रिका व आशिया यांच्यात मिळून ठेवली. म्हणजे आफ्रिकेतील विजेत्याला आणखी एका खंडाच्या विजेत्याशी झुंजावे लागणार होते. युरोपला मात्र यजमान इंग्लंडसह १० जागा होत्या. घानाचे ओहेने जान आणि यिदनेकाचेव यांनी याविरुद्ध मोर्चा उघडला. आफ्रिकेच्या संघांनी पात्रता स्पर्धेवर सामूहिक बहिष्कार घातला. फिफाने दंड ठोठावला, तरी ते डगमगले नाहीत. बहिष्काराची किंमत खेळाडूंनी मोजली. राष्ट्र चषक १९६३ आणि १९६५ असा दोनदा जिंकणाऱ्या घानाच्या गुणी पिढीला विश्वचषकाचे मैदान दिसलेच नाही. परंतु १९७० पासून आफ्रिकेला एक हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोत पोहोचला. १९३४ मधील इजिप्तनंतर तब्बल ३६ वर्षांनी आफ्रिकेचा संघ विश्वचषकात खेळत होता.

१९७२ मध्ये यिदनेकाचेव आफ्रिकी महासंघाचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत, पंधरा वर्षे, त्या पदावर राहिले. १९७४ च्या फिफा निवडणुकीत ब्राझीलचे जोआओ हावेलांज यांनी राउस यांचा पराभव केला, त्यात आफ्रिकेच्या मतांचा वाटा निर्णायक होता. १९८२ मध्ये विश्वचषक २४ संघांचा झाला आणि आफ्रिकेच्या जागा दोन झाल्या. त्या वर्षी अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले, तर कॅमेरून एकही सामना न गमावता परतला. १९८६ मध्ये मोरोक्कोने आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावून दुसरी फेरी गाठली. जागा वाढवून मागणे रास्त होते, हे आफ्रिकेच्या संघांनी मैदानावर सिद्ध केले.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९७५ मध्ये, क्लबांची दुसरी स्पर्धा सुरू झाली. आपापल्या देशातील चषक स्पर्धा जिंकणाऱ्या संघांसाठी असलेला हा चषक पहिल्या वर्षी कॅमेरूनच्या टोनेर याउंदेने जिंकला. पुढे २००४ मध्ये ही स्पर्धा अन्य एका स्पर्धेत विलीन होऊन आजचा कॉन्फेडरेशन चषक आकाराला आला.

स्वतः यिदनेकाचेव यांच्या देशात या काळात उलथापालथ चालली होती. १९७४ मध्ये सम्राटांना पदच्युत करून लष्कराने सत्ता घेतली. तरीही १९७६ ची राष्ट्र चषक स्पर्धा इथिओपियात पार पडली आणि महासंघाचे अध्यक्षपद यिदनेकाचेव यांच्याकडेच राहिले.

त्यांची सारी उद्दिष्टे मात्र साध्य झाली नाहीत. गुणी खेळाडूंनी युरोपची वाट धरल्यास आफ्रिकेचे क्लब खिळखिळे होतील, ही चिंता त्यांना अखेरपर्यंत होती. राष्ट्र चषकात प्रत्येक संघाला परदेशी खेळणारे दोनच खेळाडू घेता येतील, असा नियम महासंघाने १९६५ मध्ये केला होता. त्यामुळे देशी खेळाडूंना संधी मिळाली. पण चांगल्या कमाईच्या शोधात गेलेल्यांवर तो अन्याय होता, ही टीकाही गैरलागू नव्हती. १९८२ मध्ये हा नियम रद्द झाला आणि पुढे खेळाडूंचा ओघ कोणालाच थोपवता आला नाही. आज आफ्रिकेतील क्लबांच्या पात्रता फेऱ्यांत अनेक नामवंत खेळाडू दिसत नाहीत. त्यांची चिंता खरी होती, तिच्यावरचा उपाय मात्र अपुरा ठरला.

१९ ऑगस्ट १९८७ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी यिदनेकाचेव तेसेमा यांचे निधन झाले. वर्णद्वेषी राजवट संपुष्टात येत असताना, १९९२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेला फिफाचे सदस्यत्व परत मिळाले. १९९६ मध्ये त्या देशाने राष्ट्र चषकाचे यजमानपद भूषवले आणि मिश्र संघानिशी तो जिंकलाही. जो संघ पाठवायला १९५७ मध्ये नकार मिळाला होता, तोच संघ ३९ वर्षांनी आफ्रिकेचा विजेता ठरला. तो दिवस पाहण्यास यिदनेकाचेव हयात नव्हते.