साध्या भागाकारापायी नोकरी सोडणारा मास्तर: गेऑर्ग ओहम

शाळेत 'व्ही इज इक्वल टू आय आर' घोकलेलं आठवतंय? व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो. एवढंसं गणित! पण ते शोधणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य त्यापायी खर्ची पडलं.

गेऑर्ग सायमन ओहम यांचा जन्म 1789 साली जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलपं बनवायचे. शाळेत फारसे गेले नव्हते, पण स्वतः शिकून त्यांनी मुलांना घरीच गणित शिकवलं. विद्यापीठात गेल्यावर मात्र पोरगं नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमलं. वडील भडकले आणि त्यांनी त्याला शिक्षण सोडायला लावलं. मग स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करत ओहम स्वतःच अभ्यास करत राहिले आणि 1811 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

1817 पासून ते कोलोनच्या शाळेत शिकवत होते. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी तारांवर प्रयोग सुरू केले. अडचण अशी, की त्या काळच्या बॅटरीचा जोर मोजता मोजताच कमी व्हायचा. आता करंट घटला तो तारेमुळे की बॅटरीमुळे, कसं कळणार? तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने थर्मोकपल वापरायला सुचवलं. तांबं आणि बिस्मथचे दोन सांधे, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं ठरलेली, म्हणून व्होल्टेजही स्थिर! 1826 साली ओहमनी सारख्याच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसुई किती वळते ते मोजलं. तार लांब तसा करंट कमी. उपकरणाचा स्वतःचा रोध धरला, की हिशेब चोख जुळत होता.

हे आपल्या घरात कुठे दिसतं? 230 व्होल्टला 1000 वॉटची इस्त्री घ्या. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॉट, म्हणून करंट साधारण 4.35 अँपिअर आणि रोध 230 भागिले 4.35, म्हणजे सुमारे 53 ओहम. व्होल्टेज 180 वर आलं, तर करंट 3.4 अँपिअर होतो आणि इस्त्रीला मिळतात जेमतेम 612 वॉट. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याहून थोडंच जास्त घटलं, पण पॉवर जवळपास 40 टक्के गेली! (करंटने तापणाऱ्या तारेचा हिशेब मात्र ओहमचा नाही, तो 1840-41 च्या सुमारास ज्यूल यांनी मांडला.)

1827 मध्ये ओहमचं पुस्तक आलं. मायदेशात त्याचं स्वागत थंडच झालं. काहींना त्यातलं गणित पचलं नाही, काहींनी तर सगळं कल्पनेचे खेळ ठरवलं. विद्यापीठातल्या जागेची आशा मावळली, तेव्हा त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये गणित शिकवून दिवस काढले. 1833 मध्ये न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली, तोवर त्यांनी चव्वेचाळिशी गाठली होती.

दाद आली ती परदेशातून. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं 1852 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ते त्यांना दोनच वर्षं लाभलं. 1854 च्या जुलैत ते गेले.

1881 मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत व्होल्ट आणि अँपिअरसोबत रोधाच्या एककाचं नाव पक्कं झालं, ओहम.