नवऱ्याच्या घरी की तुरुंगात? रखमाबाईंचा खटला आणि आजचा कायदा

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी २२ वर्षांच्या एका तरुणीला आदेश दिला. नवऱ्याकडे नांदायला जायचं, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने सांगून टाकलं, तुरुंग चालेल.

ही तरुणी म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ ला मुंबईत, सुतार समाजात झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली. पुढच्या कज्जात ही मालमत्ताही महत्त्वाची ठरली.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लागलं. दादाजींनी शिक्षण सोडलं, ते मामाच्या घरी राहू लागले. रखमाबाई मात्र सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, तिथेच शिकल्या आणि वयात आल्यावरही सासरी गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला की, माझी बायको मला मिळवून द्या.

या दाव्याला आजही 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' म्हणतात. तो आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नाही, इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला. गंमत म्हणजे १८८४ सालीच इंग्लंडने अशा प्रकरणात तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली. इथे ती सुरूच राहिली.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग कसली पुनर्स्थापना, असा त्यांचा मुद्दा होता. रखमाबाईंनी त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त टोपणनावाने पत्रं लिहून बालविवाहावर टीका केली होती. निकालाने वादळ उठलं. टिळकांच्या 'केसरी'ने विरोधी बाजू घेतली, तर बेहरामजी मलबारी पाठीशी उभे राहिले. दादाजी अपिलात गेले, प्रकरण फेरसुनावणीला आलं आणि फॅरन यांचा तो आदेश निघाला.

राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडलं, अशा पोस्ट अजून फिरतात. प्रत्यक्षात १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेऊन दावा सोडला आणि रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत.

या खटल्यात मारहाणीचा आरोप नव्हता. म्हणूनच तो आजच्या कायद्याशी लावून पाहण्यासारखा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा फक्त अंगावरचे वळ मोजत नाही. मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. बाईचे दागिने किंवा तिच्या नावची मालमत्ता बळकावणं हाही छळच.

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगची मुलगी पुण्यात दिली आहे आणि त्रासामुळे माहेरी परतली आहे. तिला पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ती सध्या जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे वाशिमला अर्ज करू शकते. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याने तिला त्यासाठी मदत करायची असते. संरक्षण, राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, असे आदेश मिळतात. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी संसार तिथे झाला असेल, तर तिला परस्पर बाहेर काढता येत नाही. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. तारखा किती पडतात हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना ठाऊक आहे.

तुरुंगाची भीती मात्र आता दुसऱ्या बाजूला गेली आहे. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. १८९५ पासून त्यांनी सुरतेला आणि नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घालवलं. त्यांच्या खटल्यानंतर पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. वय दहावरून बारा झालं, बस्स एवढंच. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

२५ सप्टेंबर १९५५ ला त्या वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता आणि त्याच्या कलम ९ मध्ये तोच जुना दावा पुन्हा बसवला होता. तो आजही आहे. फरक इतकाच की आता त्यासाठी तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. शिवाय नवऱ्यासारखा तो बायकोलाही लावता येतो.

माहेरी आलेल्या बाईला 'नांदायला ये' अशी नोटीस अनेकदा याच कलमाखाली येते. ती आली म्हणजे निमूट परत जायलाच हवं असं नाही. छळ हे वेगळं राहण्याचं सबळ कारण असतं आणि ते कोर्टात मांडता येतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवावर बेतलं तर ११२.