कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : गुणांची पारख करणारे उद्योगपती

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाच्या प्रवर्तकांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमेना. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस उमगत नसे. तेव्हा रंग बाजूस सारून त्यांनी यांत्रिक रेखाचित्रणाची कास धरली आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे शिक्षक झाले.

तेथे त्यांचे काम चोख होते. तथापि बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. त्या संस्थेने एका बढतीपायी किती मोलाचा माणूस गमावला, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले.

बेळगावी वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींच्या दुकानास जोडून छोटा कारखाना काढला. कडबा कापण्याचे यंत्र व त्यामागून लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी आरंभी त्या नांगरास हातही लावीत नसत. पुढे बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ, निवडुंगाने व सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

अशा ओसाड जागी गुणी माणसे केवळ वेतनासाठी टिकली नसती. येथेच लक्ष्मणरावांचे खरे मोठेपण दिसते. माणसाची पदवी न पाहता त्याचा कल पाहावा व त्या दिशेने त्याला वाव द्यावा, अशी त्यांची रीत होती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. शंभूराव जांभेकर यंत्रकामापासून वाडीतील औषधपाण्यापर्यंत अनेक जबाबदाऱ्या वाहू लागले. मंगेशराव रेगे यांच्या हाती हिशेबाचा कारभार विश्वासाने आला. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी वाडीच्या राखणीचे काम दिले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

पुतणे शंकरराव यांची ओढ चित्रकलेकडे व लेखणीकडे होती. त्यांना यंत्राशी जखडून न ठेवता कारखान्याच्या जाहिरातीचे क्षेत्र मोकळे करून देण्यात आले. त्यातूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. पुढे तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके जन्मास आली. नांगराच्या कारखान्याने मराठी वाङ्मयास दिलेली ही देणगी, एका माणसाची आवड ओळखल्याचे फळ होय.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी या चरित्राचे मनन करावे. कर्तबगार माणसाची वाट अडविली तर तो निघून जातो. त्याची वाट मोकळी केली, तर तो माळावरही ठाण मांडतो.