विश्लेषण : सावरकरांची मार्सेलिसची उडी हेगपर्यंत कशी पोहोचली? ब्रिटन-फ्रान्स वादात नेमके काय घडले?

परदेशात अटक झालेल्या माणसाचे काय करायचे, यावरून दोन देशांमध्ये वाद होणे आता नवे नाही. पण ११५ वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका २७ वर्षांच्या तरुणावरून ब्रिटन आणि फ्रान्स ही दोन साम्राज्ये आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभी राहिली होती. तो तरुण म्हणजे विनायक दामोदर सावरकर. त्यांची समुद्रातली उडी सर्वांना माहीत आहे. त्यानंतर कागदोपत्री जे घडले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

सावरकर लंडनला कसे पोहोचले?

सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळच्या भगूरचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९०५ मध्ये त्यांनी विदेशी कपड्यांची होळी केली. पुढच्याच वर्षी श्यामजी कृष्ण वर्मा यांची शिष्यवृत्ती मिळवून ते कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथले इंडिया हाऊस हे हिंदी क्रांतिकारकांचे केंद्र होते.

१९०९ हे वर्ष निर्णायक ठरले. जूनमध्ये थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीची हत्या केली. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या हत्येतील पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी असल्याचा सरकारचा आरोप होता.

अटक लंडनमध्ये, मग खटला मुंबईत का?

सावरकर काही काळ पॅरिसला जाऊन राहिले होते. तिथून परतताच १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. लंडनमध्ये खटला चालला असता तर ज्यूरी मिळाली असती. पण १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्यानुसार साम्राज्याच्या एका भागातील आरोपीला दुसऱ्या भागात पाठवता येत असे. त्याचा आधार घेऊन त्यांना हिंदुस्थानात पाठवण्याचे ठरले. त्याविरुद्धचे अपील फेटाळले गेले आणि १ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीने त्यांचा प्रवास सुरू झाला.

मार्सेलिसला नेमके काय झाले?

७ जुलैला बोट फ्रान्सच्या मार्सेलिस बंदराला लागली. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी शौचकुपाच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि ते धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना पकडले. बोटीवरून धावत आलेल्यांच्या मदतीने त्यांना पुन्हा बोटीवर नेऊन ब्रिटिश पोलिसांच्या हवाली करण्यात आले. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

फ्रान्सच्या जमिनीवर पाय पडताच त्यांच्यावर फ्रान्सचा कायदा लागू झाला होता. राजकीय आरोपीला परत द्यायचे की आश्रय द्यायचे, हे फ्रान्सने रीतसर प्रत्यार्पणाच्या मार्गाने ठरवायचे होते. ते काही मिनिटांत धक्क्यावरच ठरले. पॅरिसमध्ये मादाम कामा आणि फ्रेंच समाजवाद्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि फ्रेंच सरकारने सावरकरांना परत करण्याची मागणी केली.

मग मुंबईतील खटला थांबला का?

नाही. दोन्ही देशांनी २५ ऑक्टोबर १९१० रोजी हा वाद हेगच्या लवादाकडे सोपवण्याचा करार केला. तोवर मुंबईत विशेष न्यायाधिकरणापुढे खटला सुरू झाला होता. तिथे ज्यूरी नव्हती, अपीलही नव्हते. परक्या भूमीवरून बेकायदा आणलेल्या आरोपीवर खटला चालवता येत नाही, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. आरोपी समोर हजर आहे, तो कसा आणला गेला हे पाहण्याचे आपले काम नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २३ डिसेंबर १९१० रोजी पहिली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप सुनावली गेली. एकूण ५० वर्षे. हेगचा निकाल यायला तेव्हा अजून तीन आठवडे बाकी होते.

हेगच्या लवादाने काय ठरवले?

बेल्जियमचे बेर्नार्ट हे पाच सदस्यांच्या लवादाचे अध्यक्ष होते. उरलेल्या चौघांत ब्रिटन आणि फ्रान्सचा एकेक सदस्य होता. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. सावरकर या बोटीवर असल्याचे ब्रिटनने फ्रेंच पोलिसांना आधीच कळवले होते. पकडताना ब्रिटनने बळ किंवा फसवणूक वापरली नव्हती, पकडणारा फ्रेंच पोलीसच होता. त्यामुळे हवाली करण्यात अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. पण म्हणून कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असा निर्णय दिला.

१९०४ च्या करारानंतर ब्रिटन आणि फ्रान्स जवळ आले होते आणि जर्मनीच्या वाढत्या ताकदीची दोघांनाही काळजी होती. एका हिंदी कैद्यासाठी मैत्री तोडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

या सुनावणीत सावरकरांच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते. लवादापुढे फक्त राष्ट्रे उभी राहू शकत होती. फ्रान्स आपल्या सार्वभौमत्वासाठी भांडत होता, आरोपीसाठी नव्हे. आणि सावरकर ज्या साम्राज्याचे प्रजाजन होते, तेच त्यांच्यावर खटला चालवत होते. पाठीशी उभे राहायला त्यांना स्वतःचा देशच नव्हता.

पुढे काय झाले?

४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानला पोहोचले. तिथून त्यांनी सरकारकडे केलेल्या सुटकेच्या अर्जांवर आजही वाद होतात. १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर आणले गेले. जानेवारी १९२४ मध्ये रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर त्यांची तुरुंगातून सुटका झाली. १९३७ मध्ये ही बंधने उठल्यावर ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. गांधीहत्या खटल्यात १९४९ मध्ये ते निर्दोष सुटले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले आहे?

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, परदेशी नागरिकाला अटक झाल्यास त्याला आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगणे अटक करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने हाच करार मोडल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. तोही हेगमध्येच. या वेळी मात्र बाजू मांडायला भारत उभा होता.

त्यामुळे गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा एखादा तरुण आज आखातात कामाला गेला आणि तिथे पोलिसांच्या ताब्यात सापडला, तर घरच्यांना दूतावासाचे दार ठोठावता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर मोबाइलवरूनही तक्रार नोंदवता येते. सुटकेची हमी त्यात नाही. पण आपल्या माणसाच्या वतीने विचारायला एक देश आहे. १९१० मध्ये मार्सेलिसच्या धक्क्यावर नेमके तेच नव्हते.